मावशीच्या पोटातला गळ

आमच्या दोऱ्याच्या कारखान्यामागे एक तळं आहे. रंगखात्याला लागणारं पाणी तिथून येतं, आणि सुट्टीच्या दिवशी निम्मा कारखाना त्याच तळ्याच्या पायऱ्यांवर गळ टाकून बसलेला असतो. मासा पकडायचा, शेजारच्याला दाखवायचा, त्याच्या वजनाबद्दल थापा मारायच्या आणि परत पाण्यात सोडून द्यायचा, असा तिथला नियम. घरी न्यायचा नाही. मग पकडायचाच कशाला, असं मी नवीन असताना विचारलं होतं. लग्नाला जाऊन नवरदेव कशाला हवा असं विचारावं, तसे सगळे माझ्याकडे बघत राहिले.

या लोकांची आणखी एक रीत आहे. गळाच्या, म्हणजे त्या लोखंडी आकड्याच्या, दांडीला जो तो आपापल्या रंगाचा दोरा गुंडाळतो आणि वर लाखेचा हात देतो. तंगूस, म्हणजे गळाची ती नायलॉनची दोरी, घट्ट बसावी म्हणून गुंडाळतो असं सांगतात, पण खरं कारण मिरवणं. बॉयलरवाल्याचा हळदी पिवळा, वॉचमनचा काळा, माझ्या दादाचा विटकरी. कधीकधी मासा गळ पार आत गिळतो. अशा वेळी तंगूस कापून मासा तसाच सोडावा लागतो आणि आपला रंग त्याच्या पोटात जातो. याला आमच्याकडे ‘दोरा सोडणं’ म्हणतात, आणि त्यासारखी दुसरी नामुष्की नाही. ज्याने दोरा सोडला त्याने हातात उरलेलं तंगुसाचं टोक फाटकाजवळच्या तारेच्या कुंपणाला बांधायचं, आपल्या रंगाची गाठ मारून. कामावर येणारा प्रत्येक जण ते बघत आत जातो. त्या कुंपणावर कितीतरी वर्षांत काही बांधलेलं नव्हतं. आमची माणसं दोरा सोडत नाहीत, असं सगळे छाती फुगवून सांगायचे.

ते रिकामं कुंपण बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्याचा खरा अर्थ माझ्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. मी रंगखातं सांभाळते. पाणी आमच्या बाजूने पंप ओढतो, आणि पंपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे. तळ्यात तरंगणारं सगळं शेवटी त्या जाळीला येऊन चिकटतं. पानं, काड्या, कुणाची तरी टोपी, आणि मासे. हे मासे म्हणजे तिकडे पायऱ्यांवर, दोरा सोडावा लागू नये म्हणून, तोंडात पक्कड घालून, हिसका मारून ज्यांचा गळ काढलेला असतो ते. सोडल्यावर ते झोकात पोहत जातात. सोडणारा हात झटकतो आणि म्हणतो, बघा, ठणठणीत. मग काही दिवसांनी तो ठणठणीत मासा पांढरं पोट वर करून माझ्या जाळीशी येतो.

एकदा मी असा एक मासा चिरून बघितला. आतला घसा फाटक्या बाहीसारखा लोंबत होता. मी तो तसाच कागदावर घेऊन कँटीनमध्ये गेले आणि ऐन जेवणाच्या वेळी टेबलाच्या मधोमध ठेवला. त्याचा परिणाम एवढाच झाला, की बॉयलरवाल्याने ताट अर्धं टाकलं, आणि मासे माझ्या रंगांमुळे मरतात अशी अफवा उठली. त्यानंतर मी बराच काळ त्याच्याशी बोलले नाही. अर्थात त्याच्या ते लक्षातही आलं नसावं.

दादा त्या दिवशी कँटीनमध्ये होता, पण गप्प बसला. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. जिथे दोरा रिळांवर चढतो त्या वाइंडिंग खात्याचा तो मुकादम. मुळात कमी बोलणारा, आणि वहिनी गेल्यापासून तर तोंडाला कुलूपच. माझ्याआधी रंगखातं वहिनीकडे होतं. मला तिनेच तिथे आणलं, तिनेच शिकवलं, आणि चुकले की हातातल्या ढवळण्याच्या दांड्यानेच मला दार दाखवलं. दादाचा विटकरी रंग तिने बनवलेला. खास त्याच्यासाठी एकाच घाण्यात काढलेला, नजरेच्या अंदाजाने. त्याचं माप तिच्या डोक्यात होतं, ते तिच्याबरोबर गेलं. मी ती छटा जमवायचा जंग जंग प्रयत्न केला. कधी शेंदरी व्हायची, कधी चॉकलेटी. दादा नमुना बघायचा, मान हलवायचा आणि निघून जायचा. त्या रंगाचा शेवटचा दोरा उरला होता तो दादाच्या एका गळावर. तेवढाच एक गळ तो वापरायचा.

वहिनीची दुसरी आठवण तळ्यात होती. ती म्हणजे मावशी. तळ्यातला सगळ्यात थोराड मासा, वय कुणालाच ठाऊक नाही. वहिनी दुपारच्या सुट्टीत शेवटच्या पायरीवर बसून पाव भिजवायची आणि मावशी तिच्या बोटांतून खायची. नाव वहिनीनेच ठेवलेलं. न बोलावता येते, पोटभर खाते आणि जाताना तोंड वाकडं करते, अगदी आपल्या मावशीसारखी, असं ती म्हणायची. आमच्या मावशीला हे कळलं तेव्हा घरात महाभारत झालं, ते जाऊ दे.

वहिनी गेल्यावर पावाचं काम दादाने उचललं. तो डाव्या हाताला मावशीसाठी पाव टाकायचा आणि गळ मुद्दाम उजवीकडे लांब फेकायचा. मावशी आपल्या गळाला लागू नये म्हणून एवढी खबरदारी. मावशीनेही तो करार पाळला होता.

त्या सुट्टीच्या दिवशी मी चहाचा थर्मास घेऊन तळ्यावर गेले तर दादा काठी मांडीवर ठेवून झोपलेला. उन्हं कलली होती, पाणी स्वस्थ होतं, घोरणं फाटकापर्यंत ऐकू येत होतं. काठी हातात असताना झोपणं हा त्या लोकांत मोठा गुन्हा. माशाने आमिष तोंडात घेतल्याबरोबर दोरी ताणली तर गळ ओठाला लागतो, दोन बोटांनी निघतो. माणूस झोपला तर मासा सावकाश गिळत जातो आणि गळ घशाच्याही खाली उतरतो. त्याला उठवावं म्हणून मी खांद्याला हात लावणार, एवढ्यात तंगूस गुंडाळलेली फिरकी करकरली आणि काठी त्याच्या मांडीवरून उडालीच.

दादा सवयीने उठला, सवयीने काठी धरली. पण काठी वाकली ती पाहून दोघांनाही कळलं. एवढं वजन त्या तळ्यात एकीचंच होतं. त्याच्या तोंडून फक्त “नाही, नाही” एवढंच येत होतं आणि हात मात्र फिरकी फिरवत होते. शेजारून बॉयलरवाला जाळं घेऊन धावला. थोड्या वेळाने मावशी शेवटच्या पायरीच्या उथळ पाण्यात, जाळ्याच्या कवेत होती.

मी तिला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तिची पाठ माझ्या मांडीइतकी रुंद. कोटाच्या बटणाएवढे खवले, कडेला तांब्यासारखे, मध्ये काळसर, आणि प्रत्येक खवला दुसऱ्यावर असा बसवलेला की कुठे शिवण म्हणून दिसू नये. ओठ जुन्या जखमांनी जाड झालेले. डोळ्याभोवती सोन्याची बारीक रेघ. तो डोळा माझ्याकडे फिरला आणि मी हातातला थर्मास खाली ठेवला. मला भीती वाटली. ती काही करील याची नाही. आपण रोज पाव टाकतो, नाव ठेवतो, हसतो, आणि खाली पाण्यात हे एवढं मोठं जगणं आपलं आपण चाललेलं असतं, याची.

दादाने हात पाण्यात बुडवून ओले केले आणि तिचं तोंड हलकेच उघडलं. आत पांढरीशुभ्र पोकळी, तळाशी काळोख. तंगूस सरळ त्या काळोखात गेलेला. गळ दिसत नव्हता, दोरा दिसत नव्हता.

बॉयलरवाल्याने लांब तोंडाची पक्कड पुढे केली. एक हिसका मारा मुकादम, बाहेर येतोय, मी किती काढलेत, त्याचं सुरू झालं. मी त्याला दोन शब्दांत गप्प केलं, ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. दादाने पक्कड घेतली होती. त्याने ती मावशीच्या तोंडाशी नेली.

“दादा, दिसत नाही ना? मग काप,” मी म्हणाले.

“कापला तर गेला तो.” तो मान वर न करता म्हणाला. “शेवटचा दोरा आहे तिचा. ठाऊक आहे ना तुला?”

ठाऊक होतं. मला कुंपणाचं काही वाटत नव्हतं, आणि त्या क्षणी त्यालाही नव्हतं. एका हातात वहिनीचा रंग होता आणि दुसऱ्या हातात वहिनीची मावशी. दोन्ही राखायचं तर ओढायलाच हवं होतं, आणि तो ओढणार होता. चांगली माणसं अशाच वेळी घात करतात. माझ्या गळ्यात दोरा तोडायची छोटी कात्री असते, आमच्याकडे सगळ्यांच्याच असते. मी ती काढून त्याच्यापुढे धरली. मीच कापू शकले असते. पण तसं केलं असतं तर त्याने जन्मभर मला माफ केलं नसतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

“कापल्यावर जगेल?” त्याने विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “ओढल्यावर काय होतं ते मात्र मला माहीत आहे. ती माझ्या जाळीला लागलेली मी बघणार नाही, दादा. तूच ये मग काढायला.”

मावशीचे कल्ले उघडत होते, मिटत होते. दादाने पक्कड पायरीवर ठेवली, माझ्या हातातली कात्री घेतली, दोन बोटं तिच्या तोंडात जातील तितकी आत नेली आणि कापलं. आवाज कसला, कापसाला चिमटा घ्यावा तेवढाच. तंगुसाचं आतलं टोक काळोखात दिसेनासं झालं.

मग त्याने जाळं बाजूला सारलं आणि दोन्ही ओल्या तळव्यांवर तिला पाण्यातच नुसतं सरळ धरून ठेवलं. दाबलं नाही, ढकललं नाही. मीही वाकून एक हात तिच्या पोटाखाली ठेवला. थंड, जड, आणि आतून काहीतरी सावकाश धडधडत होतं. ते माझ्या मनगटापर्यंत येत होतं. मला आयुष्यात इतकं लहान कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं बरंही. हळूहळू कल्ल्यांचा ठेका जमला. तिने शेपटी एकदाच हलवली, आम्हा तिघांना नखशिखांत भिजवलं आणि ती खोल पाण्यात निघून गेली.

संध्याकाळी दादाने हातात उरलेलं तंगुसाचं टोक कुंपणाला बांधलं. गाठीला रंग नव्हता, कारण रंग उरलाच नव्हता. तरी कुणाचं टोक ते सगळ्यांना कळलं.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. सकाळी आल्याआल्या मी जाळीशी जायची, पण डोळे आधी बाजूच्या भिंतीवर ठेवायची आणि मग धीर करून खाली बघायची. जरा मोठं पान दिसलं तरी काडीने उलटून बघायची. दादा रोज काहीतरी निमित्त काढून माझ्या खिडकीशी यायचा. एकदा म्हणाला थोडा दोरा दे. वाइंडिंगच्या मुकादमाने माझ्याकडे दोरा मागायला यावं! मी दिला. तो घेऊन त्याने जाळीकडे एक नजर टाकली, माझ्या चेहऱ्याकडे टाकली आणि गेला. विचारलं त्याने कधीच नाही, मीही सांगितलं नाही. काठी त्याने माळ्यावर टाकली होती. पाव मात्र रोज शेवटच्या पायरीवर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पाव नसायचा. पण पाव खाणारे त्या तळ्यात काय कमी होते! मावशी कुणालाच दिसली नाही. बॉयलरवाला सुरुवातीला कुंपणाशी थांबून विनोद करायचा. दादा काहीच बोलत नाही म्हटल्यावर त्याचे विनोद आटले. पुढे एकदा तोही माझ्या खिडकीशी येऊन, आज काही आहे का हो जाळीला, असं हळूच विचारून गेला.

काही वर्षांतून एकदा कारखाना बंद ठेवून तळं उपसतात आणि गाळ काढतात. तेव्हा सगळे मासे रंगखात्यालगतच्या मोठ्या हौदात हलवायचे असतात. हाताने नाही. हाताने उचलला तर खवल्यांवरचा बुळबुळीतपणा जातो आणि मासा आजारी पडतो. जाड कापडाची ओली झोळी करायची, चौघांनी चार टोकं धरायची आणि पाण्यासकट न्यायचं. ही युक्ती वहिनीची. त्या वर्षी पाणी उतरत गेलं, पाठी दिसू लागल्या आणि दादा गुडघाभर चिखलात उभा राहून एकेक पाठ नजरेखालून घालू लागला. मी काठावर उभी होते.

सगळ्यात शेवटच्या डबक्यात ती होती. जरा रोडावलेली, पण जिवंत. आमच्या अंगावर पाणी उडवत होती, जणू आम्ही सगळे तिच्या मर्जीविरुद्ध आलेले पाहुणे.

दादाने झोळी तिच्याखाली सरकवली. मी चिखलात उतरून एक टोक धरलं, एक बॉयलरवाल्याने, एक वॉचमनने. उचलताना ती जरा कुशीवर वळली आणि आम्हाला दिसलं. तिच्या पोटाच्या मागच्या टोकाला, शेपटीच्या अलीकडे, जिथून माशाच्या अंगातलं नको असलेलं बाहेर पडतं तिथून, तंगुसाचा बोटभर तुकडा बाहेर आलेला होता. कापलेलं टोक आम्ही ओळखलं. म्हणजे गळ अजून आत होता, पण निघाला होता. कुणी न सांगता, कुणी हात न लावता, तिच्या अंगाने तो एवढा लांबचा रस्ता पार करत आणला होता.

दादाचा हात तिकडे गेला. बोटं तंगुसापर्यंत पोहोचली. ओढलं की विटकरी दोरा त्याच्या हातात आला असता. आता मी काही म्हणणार नव्हते. जे म्हणायचं ते एकदा म्हणून झालं होतं.

त्याने बोटं मागे घेतली.

“येईल तेव्हा येईल,” तो म्हणाला. “चला, उचला. तिला पाण्याशिवाय ठेवू नका.”

हौदात तिला सोडल्यावर दादा घरी आलाच नाही. हौदाच्या कठड्याला टेकून बसून राहिला. मी जेवण पाठवलं ते तसंच परत आलं. पाव तेवढा ठेवून घेतला होता.

तिसऱ्या सकाळी मी खातं उघडायला गेले तेव्हा तो हौदात कोपरापर्यंत हात घालून तळाशी काहीतरी चाचपत होता. हौदाचं पाणी नितळ होतं. मावशी पलीकडच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिच्या मागे तंगूस नव्हता. दादाने हात बाहेर काढला, मूठ माझ्यापुढे आणली आणि उघडली.

गळ केसाइतका झिजला होता. टोक नव्हतं, धार नव्हती, दादाने बोट लावलं तर लोखंडाचा भुगा झाला. ज्या पोलादाने तिला आतून फाडायचं, ते तिने त्या काळोखात बसून निमूटपणे विरघळवून टाकलं होतं. डॉक्टर नाही, हत्यार नाही, पक्कड नाही. मी कठडा धरला. आणि त्या भुग्यात, लाखेच्या पापुद्र्याखाली, नखाएवढा दोरा तसाच गुंडाळलेला होता. त्याचा विटकरी रंग शेंदरीही नव्हता आणि चॉकलेटीही नव्हता.

“रंग तसाच आहे गं तिचा,” दादा म्हणाला. त्याचा आवाज इतके दिवस कुठे होता कोण जाणे.

मला वाटलं तो दोरा आता खिशात जाईल आणि कायमचा खिशातच राहील. पण त्याने माझा हात ओढून घेतला, तळहातावर तो ठेवला आणि माझी बोटं त्यावर एकेक करून मिटवली.

“हा घे नमुना,” तो म्हणाला. “आता जुळव. ती सांगायची तसं, आधी उजेडात बघ.”

मी उजेडाकडे वळले. पण डोळ्यांत पाणी आल्यावर कसली छटा दिसते? मागे पावाचा तुकडा पाण्यात पडल्याचा आवाज झाला. मावशी वर आली, तिने तो खाल्ला आणि तोंड वाकडं करून परत खाली गेली.